घोषणाबाई आणि दोन हेडसेट

मध्यंतरी आमच्या इमारतीत अशी कुजबुज होती की घोषणाबाईंकडे संध्याकाळी कोणीतरी येतं. कुजबुजीचा उगम तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंपाशी. जिना चढताना त्यांनी बंद दारातून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: मागच्या दाराने यावे, घर रिकामे आहे, मी वरच्या खिडकीत आहे. पन्नाशी उलटलेली बाई, नवरा आतल्या खोलीत घोरतोय, आणि ही कोणाला मागच्या दाराने बोलावते? शिंपीणबाईंना त्या दिवशी एका ब्लाउजला दोन डावे हात शिवण्याइतका धक्का बसला. आता आमच्या इमारतीत कुणाच्याच घराला मागचं दार नाही, आणि घोषणाबाईंच्या घराला असतं तरी ते तिसऱ्या मजल्यावर सरळ हवेत उघडलं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बातमी चविष्ट असली की माणसं खोल्या मोजत बसत नाहीत.

मी मात्र त्यांचा सख्खा शेजारी. आमची भिंत एकच, आणि तीही अशी की पलीकडे कोणी उसासा टाकला तर आमची ही इकडून "काय झालं?" विचारते. त्यामुळे मी अख्खं वाक्य ऐकलं होतं. शिंपीणबाईंनी फक्त मधला तुकडा कापून घेतला होता. कापण्याची सवयच त्यांना. अख्खं वाक्य असं: "टीममधील सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. मागच्या दाराने यावे. घर रिकामे आहे. मी वरच्या खिडकीत आहे. तसदीबद्दल दिलगीर आहोत." आणि एवढं झाल्यावर तेच सगळं पुन्हा एकदा. मला सांगा, तसदीबद्दल दिलगिरी व्यक्त करून कोणी प्रियकराला बोलावतं का? बाई कॉम्प्युटरवर गेम खेळत होत्या.

घोषणाबाई आमच्या समोरच्या बसस्थानकात घोषणा करतात. सगळी नोकरी त्यांनी काचेच्या केबिनमध्ये माईकपुढे काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटणार, कोणाची पिशवी राहिली, कोणाचं पोर चौकशी खिडकीपाशी रडतंय, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळतं. प्रत्येक गोष्ट त्या दोनदा सांगतात, कारण पहिल्यांदा सांगितलेलं प्रवासी ऐकत नाहीत, फक्त मान वर करतात. ही सवय त्या घरीही घेऊन येतात. "जेवण वाढलेले आहे. जेवण वाढलेले आहे." त्यांचे यजमान त्याच आगारातले निवृत्त ड्रायव्हर. बाईंची घोषणा झाल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही, आणि अजूनही दुसऱ्यांदा हाक आल्याशिवाय ते पाटावर तर येत नाहीतच, अंथरुणातूनही हलत नाहीत. संसार सुरळीत चाललाय तो या एका शिस्तीवर.

राहता राहिले चिरंजीव. ते लांबच्या शहरात नोकरीला आहेत. पोरगा गुणी, पण फोनवर बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि म्हणायचा, जेवलीस का, बाबा बरे आहेत ना, बरं, ठेवतो. बाई "हो" म्हणेपर्यंत फोन बंद. ज्या बाईचं बोलणं हजारो माणसं दोन दोनदा ऐकतात, तिचं पोटचं पोर एकदाही पुरतं ऐकत नाही, हे त्यांना फार लागलं होतं. मग मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर तो गेम घातला, आणि बाईंनी पाहिलं की हे मौनीबाबा कानाला यंत्र लावून मित्रांशी तासन् तास बडबडताहेत. तो परत गेल्यावर बाईंनी सरळ जाहीर केलं की मलाही घ्या. टीम चार जणांची. चिरंजीव, त्यांचा टकल्या नावाचा मित्र, डॉक्टर नावाचा दुसरा मित्र जो डॉक्टर नाही, आणि चौथी आई.

आईला बंदूक चालवता येत नाही. त्यामुळे तिला टेहळणीचं काम दिलेलं. एका बेटावर पडकी घरं असतात, त्यातल्या एकाच्या वरच्या मजल्यावर खिडकीत उभं राहायचं आणि शत्रू कुठून येतोय ते सांगायचं. काचेमागून बघायचं आणि सांगायचं. बाईंना वाटलं, हे तर आपलंच काम.

पण टीम रोज हरायला लागली. शेवटी चिरंजीवांनी आईला सांगितलं की तुझा आवाज नीट येत नाही, तो जुना हेडफोन टाकून दे आणि चांगला गेमिंगचा हेडसेट घे. आणि जरा चाचरत पुढचंही सांगितलं, की नाहीतर टकल्याचा मावसभाऊ तुझ्या जागी यायला बसलाय.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं कुठली तरी गाडीच दरीत गेली. म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी एकच जागा आहे जिथे तो माझ्याशी बोलतो. ती गेली तर मी पुन्हा 'जेवलीस का'वर आले."

आवाजाचं काय ते मला ठाऊक होतं. आवाज उत्तम जात होता, जरा जास्तच जात होता. टेकडीवरून शत्रू धावत यायचा, आणि बाई "टीममधील सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे"पासून सुरुवात करायच्या. टेकडी कुठली हे येईस्तोवर टकल्या मेलेला, दिलगिरीपर्यंत डॉक्टर मेलेला, आणि दुसऱ्यांदा सांगायला सुरुवात झाली की चिरंजीव. पोराने संकोचापोटी माईकवर ढकललं होतं. मला ते दिसत होतं, पण इतक्या मजेच्या गोष्टीत खरं बोलून विरजण कोण घालतो? मी म्हटलं, चला वहिनी, दुकानात जाऊ.

संगणकाच्या सामानाचा दुकानदार बाईंना चांगला ओळखत होता, कारण बसस्थानकातले भोंगे तोच दुरुस्त करतो. त्याने दोन हेडसेट काढून समोर ठेवले. एक काळा, जाडजूड, कान पुरता झाकणारा, बाहेरचा गोंगाट बंद करण्याचं बटण असलेला. दुसरा पांढरा, हलका, कडेने दिवे चमकणारा, कानावर नुसता टेकणारा. मग तो आवाज चहूबाजूंनी कसा येतो, माईक कसा वळतो, बॅटरी किती टिकते वगैरे बोलत सुटला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटच्या बाकावर कोणता ऐकू जातो?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. त्याच्या माहितीपत्रकात बाक नव्हता. अखेर दोन्ही घरी न्या, वापरून बघा आणि नको तो परत आणा, असं म्हणून त्याने सुटका करून घेतली.

आता हा शेवटचा बाक काय प्रकार आहे ते सांगतो. बसस्थानकात नवा भोंगा बसवला की त्याची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. अगदी टोकाला, स्वच्छतागृहाशेजारच्या बाकावर एक माणूस बसवतात, आणि बाई माईकवरून हरवलेल्या मुलाची घोषणा करतात. खरं मूल हरवलेलं नसतं, पण वाक्य तेच. गाडीची घोषणा चुकली तर माणूस पुढच्या गाडीने जातो. मुलाची चुकली तर एखाद्या आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून परीक्षा त्याच वाक्याची. बाकावरच्या माणसाने सदऱ्याचा रंग बरोबर सांगितला की भोंगा पास.

हीच परीक्षा बाईंनी हेडसेटांची घेतली. रविवारी सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना एकाच फोनकॉलवर घेतलं आणि जागा वाटून दिल्या. ड्रायव्हरसाहेब आपले बैठकीत सोफ्यावर. शिंपीणबाई खाली फाटकापाशी, मशीन सोडून. चौथ्या मजल्यावरच्या आजी त्यांच्या दारात. आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, म्हणजे मी शेवटचा बाक.

आधी काळा. "निळा सदरा आणि तपकिरी चड्डी घातलेला, अंदाजे चार वर्षांचा मुलगा चौकशी खिडकीपाशी थांबलेला आहे." मी टाकीमागून ओरडलो, निळा. शिंपीणबाई फाटकातून म्हणाल्या, निळा, पण तपकिरीवर निळा शोभत नाही. आजी मात्र हातात दुधाचा पेला घेऊन जिना उतरत होत्या. खाली येऊन त्यांनी पोर कुठाय विचारलं. पोर नाही हे समजावून त्यांना वर पोचवेपर्यंत दूध गार झालं.

मग पांढरा. "पिवळा झगा घातलेली मुलगी..." सगळ्यांना पुन्हा स्वच्छ ऐकू आलं. आजी पुन्हा पेला घेऊन खाली. या वेळी त्या तापल्या होत्या. एका सकाळी दोन दोन पोरं हरवतात म्हणजे हल्लीच्या आईबापांचं लक्ष असतं तरी कुठे, असं त्यांनी फोनवरून मलाच खडसावलं.

बरोबरी सुटेना म्हणून बाईंनी दोन्हींवर गाडीची घोषणा करून पाहिली. "फलाट क्रमांक तीनवरील गाडी सुटण्यास तयार आहे." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सोफ्यावरचे ड्रायव्हरसाहेब नुसते चुळबुळले. दुसऱ्यांदा सांगितलं तसे उठले, चपला घातल्या, खिसे चाचपत किल्ली शोधली आणि जिन्यापर्यंत पोचले. तिथे त्यांना आठवलं की आपण निवृत्त आहोत. दुसऱ्या हेडसेटवरही तेच. अगदी त्याच पायरीवर आठवलं.

तोवर इमारतीत दोन पक्ष पडले होते. शिंपीणबाई पांढऱ्याच्या, कारण तो चेहऱ्याला खुलतो. मी काळ्याचा, कारण त्या पांढऱ्याच्या होत्या. आमची ही म्हणाली की काळ्याने वहिनींचा अंबाडा चेपतो. तो लावायचा तर अंबाडा मानेवर उतरवावा लागतो, आणि मग त्या मागून दुसऱ्याच कोणीतरी दिसतात. ड्रायव्हरसाहेबांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी दोनदा विचारावं लागलं असतं.

अखेर ठरलं की संध्याकाळी खऱ्याखुऱ्या खेळात बघायचं. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. दाराशी शिंपीणबाई उभ्या राहिल्या, अर्धी शिवलेली बाही हातात घेऊन, म्हणजे कुणी म्हणायला नको की काम सोडून आल्या.

पहिली फेरी पांढऱ्यावर. तो कानावर नुसता टेकतो, त्यामुळे समोरच्या बसस्थानकाचे हॉर्न, फेरीवाल्यांचे आवाज, इंजिनांची घरघर, सगळं आत येत होतं. कानावर हॉर्न पडला की बाईंचा आवाज आपोआप चढतो. आणि आवाज चढला की ताठ बसून घोषणाच सुरू होते. टेकडीवरून दोन माणसं येताना मलाही दिसली. बाई म्हणाल्या, टीममधील सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चौघेही गारद. मेल्यावर पुढची फेरी सुरू होईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. मायलेकांचं मग आपलं काहीतरी चाललं, घरमालकाने नळ दुरुस्त केला का, दाढ दुखायची राहिली का, मोजे वाळत नाहीत, भाजी काय केलीस. हा भाग कंटाळवाणा, म्हणून मी उठून आत चहा सांगायला गेलो.

दुसरी फेरी काळ्यावर. बाईंनी अंबाडा खाली घेतला, हेडसेट चढवला, आणि मी गोंगाट बंद करण्याचं बटण दाबलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "भाऊजी, स्टँड बंद पडलं का?"

सगळं आयुष्य गोंगाटावर आवाज चढवून काढलेल्या बाईंना शांतता म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, एवढ्या शांततेत मोठ्याने बोललं तर शत्रूलाही ऐकू जाईल. त्या कुजबुजायला लागल्या. आणि कुजबुजत कोणी कृपया लक्ष द्यावे म्हणत नाही.

"डावीकडे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "मागे." मग, "दोन. झाडीत."

समोर धडाधड शत्रू पडायला लागले. टकल्या ओरडायला लागला, डॉक्टर शिट्या मारायला लागला. टीम पहिल्यांदाच जिंकली. दारातून शिंपीणबाईंनी बाही हवेत उडवली आणि आपला पक्ष सोडला. चिरंजीवांचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला, "आई, भारी. हाच घे. बरं, ठेवतो."

मी छाती फुगवून घरी आलो. काळा पक्ष जिंकला होता.

पुढचे काही दिवस टीम नुसती जिंकत होती. आमच्या भिंतीतून मात्र काही म्हणजे काही ऐकू येईना. आमची ही भिंतीला कान लावून म्हणाली, भिंत आजारी आहे. आणि बाईंचंही काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. एका दुपारी त्यांनी बसस्थानकात एका गाडीची घोषणा एकदाच केली. प्रवाशांचा त्यावर विश्वासच बसेना. दुसऱ्यांदा सांगितलं नाही म्हणजे गाडी रद्द झाली, असं समजून सगळे चौकशी खिडकीवर तुटून पडले, आणि गाडी रिकामीच निघून गेली. घरीही त्या जेवणाची हाक एकदाच मारायला लागल्या. ड्रायव्हरसाहेब दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले आणि ताटातलं गार झाल्यावर जेवले. मी जिन्यात विचारलं, काय वहिनी, विजेत्यांचा चेहरा असा का? त्या म्हणाल्या काही नाही, आणि एकदाच म्हणाल्या.

मग एक दिवस त्या पिशवीत खोकं घेऊन दुकानाकडे जाताना दिसल्या. पांढरा परत करायला निघाल्या, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. सांगणार नाही तर काय?

त्यानंतर दोन दिवस आम्ही बाहेरगावी होतो. परतलो त्या संध्याकाळी मी पाय पसरून बसलो होतो, तोच भिंतीतून खणखणीत आवाज आला. "सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. नदीच्या बाजूने शत्रूचे आगमन होत आहे." आणि मग पुन्हा एकदा. आमच्या हिने पदर डोळ्यांना लावला, भिंत बरी झाली म्हणून. मी तसाच, एका पायात चप्पल, वाटीभर साखरेचं निमित्त घेऊन शेजारी गेलो.

बाईंच्या डोक्यावर पांढरा हेडसेट, दिवे चमकताहेत, अंबाडा पुन्हा वर. समोर पडद्यावर त्या मरून पडल्या होत्या आणि मोज्यांविषयी बोलत होत्या. मला त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. मी थांबतो होय? बाजूला ड्रायव्हरसाहेब बसले होते. त्यांना खोदून खोदून विचारलं. त्यांच्याकडून कळलं की काळा परत गेला. पांढऱ्यावरच्या पहिल्याच संध्याकाळी टीमचा असा फडशा पडला की टकल्या आणि डॉक्टर मावसभावाला घेऊन वेगळे झाले. चिरंजीवांना त्यांनी बोलावलं होतं. चिरंजीव बरेच कुरकुरले, आईला बरंच बोलले, आणि मग म्हणाले की ठीक आहे, आपण दोघंच खेळू. तेव्हापासून मायलेक दोघंच खेळतात आणि लगेच मरतात.

माझा संताप झाला. दुकानात मी नेलं, बटण मी दाबलं, टाकीमागे उन्हात मी उभा राहिलो. मी वहिनींना चांगलं सुनावलं, की काळ्यावर एकामागून एक जिंकत होतात, चांगला माल परत करून हे दिव्यांचं खेळणं ठेवलंत, आणि पोराची टीम मोडलीत ती वेगळीच. मोठी माणसं तुम्ही, तुम्हाला हरण्यात काय सुख आहे?

बाईंनी एका कानावरचा हेडसेट जरासा बाजूला केला. खाली कुठली तरी गाडी हॉर्न देत होती, तरी त्या हळूच बोलल्या, आणि एकदाच.

"भाऊजी, जिंकलं की तो 'भारी, ठेवतो' म्हणतो. मेलो की पुढची फेरी लागेपर्यंत त्याला माझ्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. साखर डब्यात आहे, घ्या आणि निघा. आम्हाला मरायला उशीर होतोय."